ओट्याचा उतार

माझ्या आजीची चूल तिने स्वतः घातली होती. चिकणमाती, भाताचा तूस आणि थोडं शेण एकत्र मळून, दोन-तीन दिवस सावलीत सुकवून. एका अंगाला वैल, मागे भाणवस. जाळ चुलीत असायचा. वैलात नुसती धग पोचायची, त्यामुळे तिथे आमटी रटरटत राहायची आणि करपायची नाही. रात्री निजण्याआधी चुलीला पोतेरं. चीर दिसली की त्याच हाताने ओल्या मातीचं बोट फिरवून बुजवायची. चुलीबद्दल तक्रार करायची तर तिला स्वतःकडेच करावी लागली असती, आणि आजीचा स्वभाव पाहता ती तिने ऐकून घेतली नसती.

आई पुण्यात आली आणि काही वर्षांनी घरात गॅस आला, तेव्हा घरातला स्वयंपाक उभ्याने सुरू झाला. त्यासाठी ओटा बांधायला गल्लीतलेच गवंडीमामा आले. त्यांनी आधी आईला भिंतीशी उभं केलं. “वहिनी, पोळी लाटता तसा हात धरा.” कोपराखाली चार बोटं सोडून त्यांनी भिंतीवर खडूची रेघ मारली. आई बुटकी, म्हणून ओटाही बुटका झाला. उंच आत्या आली की तिची पाठ दुखायची. कडप्पा बसवल्यावर, सांधे भरण्याआधी, मामांनी तांब्याभर पाणी त्यावर ओतलं. ते सरळ मोरीकडे धावलं. मगच त्यांनी चहाचा कप उचलला.

कडप्पा आंध्रातून येतो आणि तो मुळात चुनखडीचा दगड. आंबट त्याला सोसत नाही. लिंबू पिळलेली जागा, आमसुलं भिजत घातलेल्या वाटीखालची जागा, सगळीकडे फिकट डाग पडले होते. दिवाळीआधी आई खोबरेल तेलाचा बोळा फिरवायची, की महिनाभर ओटा काळाभोर. आजी राहायला आली की मात्र त्या ओट्याला हात लावायची नाही. खाली शहाबादी फरशीवर विळी मांडून बसायची आणि चिरलेली भाजी वर द्यायची.

माझ्या फ्लॅटमधला पहिला ओटा बिल्डरने दिला होता. त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. इमारतीच्या सगळ्या मजल्यांवर तो तसाच होता.

तो काढून मॉड्युलर किचन करायचं ठरलं, तेव्हा कॉन्ट्रॅक्टर टॅब घेऊन आला. त्यात थ्रीडी चित्र होतं: पांढरीशुभ्र कपाटं आणि ओट्यावर हिरव्या सफरचंदांचा बोल. आमच्या ओट्यावर सफरचंदं कधीच नसतात. तिथे कुकर असतो, कणकेची परात असते आणि निथळत ठेवलेली पालेभाजी असते. भाव त्याने रनिंग फुटावर सांगितला. पक्कं बिल हवं असेल तर 18 टक्के वेगळे. निम्मे पैसे आधी, चाळीस टक्के ग्रॅनाइट बसल्यावर, उरलेले दहा काम ताब्यात देताना. ओट्याशी उभं कोण राहणार, हे त्याने विचारलं नाही. “मॅडम, टेन्शन घेऊ नका,” हे मात्र न विचारताच सांगितलं.

तोडफोड मात्र झपाट्याने झाली. त्यानंतर सामसूम. हॉलमध्ये इंडक्शनवर खिचडी, बाथरूममध्ये भांडी, साखरेच्या डब्यात सिमेंटची पूड. जिन्यात राडारोड्याची पोती आणि त्यांवर सोसायटीच्या सेक्रेटरींची चिठ्ठी. फोन केला की कधी माणूस गावाला गेलेला असे, कधी मटेरियल वाटेत असे. हे वाटेतलं मटेरियल माझ्याच पैशांनी दुसऱ्या कोणाच्या घरी पोचत होतं, हे पुढे सुताराकडून कळलं. माझ्या ॲडव्हान्समधून आधीच्या घराचं प्लाय, आणि माझं प्लाय येणार पुढच्या घराच्या ॲडव्हान्समधून. धंदा असाच चालतो, असं तो अगदी सहज म्हणाला.

सुतार राजस्थानचा होता. हात सुरेख. इंचाचे आठ सूत, आणि त्यातल्या अर्ध्या सुताची चूकही त्याला डोळ्यांनी दिसायची. पण सिंकखालच्या कपाटाला त्याने साधं प्लाय लावलं. ठरलं होतं आयएस 710 चा शिक्का असलेलं, म्हणजे 72 तास उकळत्या पाण्यात ठेवूनही ज्याचे थर सुटत नाहीत ते. मी शिक्का शोधत होते तेव्हा तो म्हणाला, “शेठने जो भेजा, वही लगाया.” ग्रॅनाइटवाल्यांचंही तेच. ते तिसऱ्याच माणसाचे, त्यांची मजुरी फुटावर. लेव्हल तपासायला थांबलं तर तेवढे फूट बुडतात. त्यांनी बसवलेल्या ओट्याचा उतार भिंतीकडे आहे. सिंकमधून उडालेलं पाणी चिमणीखाली गॅसच्या मागे जाऊन साचतं. सिंकच्या पुढे दगडाची जी अरुंद पट्टी उरते, तिला पहिल्याच पावसाळ्यात तडा गेला.

मला राग आला तो त्या दोघांचा नव्हे. गवंडीमामांनी पाणी ओतून पाहिलं, कारण पाणी तुंबलं असतं तर आई दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारात उभी राहिली असती. माझ्या ओट्याला हात लावणाऱ्यांपैकी कोणाचंही दार मला ठाऊक नाही, आणि ज्याचं ठाऊक आहे त्याने ओट्याला हातच लावलेला नाही. तो फक्त फोन घेत असे. ग्रॅनाइटचा हप्ता मिळाल्यावर तेही थांबलं. उरलेल्या दहा टक्क्यांसाठी तो येईल असं सगळे म्हणत होते. तो कशाला येईल? ग्रॅनाइट उखडून पुन्हा बसवायला त्याहून जास्त खर्च येतो, आणि त्याचा नफा आधीच्या नव्वदात निघालेला असतो. हिशेबात तो चोख आहे.

आता तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ती दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क पडत नाही. 18 टक्के सोसून घेतलेलं पक्कं बिल तिथे कामाला आलं. तोवर मी ओट्याच्या मागच्या कडेला फडक्याची वळकटी लावून ठेवते आणि ती दिवसातून अनेकदा पिळते.

तुमच्याकडे काम निघणार असेल तर दहा टक्क्यांवर कबूल होऊ नका, निदान पंचवीस हातात ठेवा. प्लायच्या प्रत्येक तुकड्यावरचा शिक्का सनमायका चिकटण्याआधी मोबाइलवर टिपून घ्या. आणि ग्रॅनाइटवाले दारातून बाहेर पडण्याआधी, सगळ्यांच्या देखत, ओट्यावर तांब्याभर पाणी ओता. चेक त्यानंतर लिहा.