टँग्र्यातील पिंपे

छोटा धंदेवाला यंत्राला भितो, असे आम्ही सरकारी माणसे टिपणीत सहज लिहून जातो. कलकत्त्यास बदली झाल्यापासून मात्र हे वाक्य लिहिताना आमचा हात अडखळतो, आणि त्यास कारण टँग्र्याचे चिनी लोक.

टँग्र्यास आमच्यासारखा परप्रांतीय जातो तो जेवावयास. परंतु तेथील काही भोजनगृहांचे उंच छत नूडल्ससाठी बांधलेले नव्हे. ते कातडी कमावण्याचे कारखाने होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हक्का चिनी कुटुंबांनी येथे तो धंदा थाटला. (वरिष्ठ जातींनी नाके मुरडली म्हणून तो त्यांना मोकळा मिळाला, हेही नमूद केले पाहिजे.) सालीच्या हौदात आठवडेच्या आठवडे भिजणारे कातडे क्रोमचे क्षार घातलेल्या फिरत्या लाकडी पिंपातून थोडक्या वेळात निळसर होऊन निघते, ही विद्या त्यांनी आपलीशी केली. ज्यास यंत्र परवडत नसे, तो शेजाऱ्याच्या यंत्रावर भाडे भरून काम उरकी. प्रत ठरविणारी बोटे तेवढी घरची राहिली. अशा एका वृद्ध गृहस्थांनी आमची कोल्हापुरी वहाण हाती घेतली, अंगठा फिरविला आणि हिंदीत म्हणाले, "यात क्रोम नाही, साल आहे." ते खरेच होते.

पुढे १९ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने टँग्रा, तिलजला, तोपसिया या भागांतील सुमारे ५५० कारखाने शहराबाहेर हलविण्याचा आदेश दिला. ते विषारी सांडपाणी पाहता तो योग्यच होता, असे आमचे मत आहे. पण बानतला येथे नवी जमीन, नवी इमारत, शुद्धीकरणाचा खर्च! पिंप शेजाऱ्याकडून भाड्याने मिळे. हे कोणाकडून मिळणार? काही गेले. काहींची मुले त्याआधीच टोरँटोच्या वाटेस लागली होती. काहींनी त्याच छताखाली कढया चढविल्या.

आमच्या कार्यालयात फायली संगणकावर आल्या, तेव्हा सरकारने यंत्र दिले, शिकविणारा दिला, आणि आम्ही कुरकुरत बसलो त्या दिवसांचा पगारही दिला. त्या गृहस्थांस आम्ही विचारले, पिंपांचे काय केलेत? लाकूड चांगले होते, ते म्हणाले. त्याची टेबले झाली.