मनमाड ते बूटा मंडी : एका जुन्या गाडीसाठी

सोळाशे किलोमीटरवर जाऊन पन्नास वर्षांची मोडकी गाडी विकत आणायची, हे ऐकून शेजारच्या काकू म्हणाल्या, "भंगारच पाहिजे होतं तर भंगारवाला रोज दारावरून जातो की!" आम्ही हसलो आणि झेलम एक्स्प्रेसने निघालो. आबा, आम्ही दोघे भाऊ आणि वहिनी.

गाडीची ओढ आबांची. त्यांच्या लहानपणी गावच्या ठेकेदाराकडे चपट्या तोंडाची जीप पिकअप होती. आजोबा तिच्यात पोती भरत. पुढची जागा रिकामी असली तरी आपल्या माणसाने मागे पोत्यांवरच बसायचे. आबा पुढे रेल्वेच्या कारखान्यात खलाशी म्हणून लागले, निवृत्त झाले, पण ती रिकामी जागा त्यांच्या मनातून गेली नाही. "तसलीच गाडी पाहिजे. आपल्या हातांनी नीट करू," एवढेच ते म्हणत.

या गाडीला 'फॉरवर्ड कंट्रोल' म्हणतात. अमेरिकेत विलिस कंपनीने ती १९५६ च्या अखेरीस आणली. "म्हणजे आपल्या धम्मदीक्षेच्या साली!" असा आबांचा हिशेब. तिकडे १९६५ मध्ये ती बंद झाली, पण महिंद्र कंपनीने ती आपल्याकडे पुढेही बनवली. हिला पुढे बॉनेट नसते. इंजिन केबिनच्या आत, दोन सीटांच्या मधे असते.

दोन रात्री रेल्वेत काढून तिसऱ्या दिवशी पहाटे जालंधर छावणी स्टेशनवर उतरलो. आधी बूटा मंडी गाठली. ही चामड्याच्या व्यापारातून वर आलेल्या आपल्या बांधवांची जुनी वस्ती. मंत्रिपदाचा राजीनामा दिल्यावर महिन्याभरात, २७ ऑक्टोबर १९५१ रोजी, बाबासाहेब इथे बोलले. त्या जागी आज आंबेडकर भवन उभे आहे. याच शहरातून लाहोरी राम बाली यांनी १९५८ पासून 'भीम पत्रिका' चालवली. २०२३ मध्ये ते गेले. भवनात वंदन करताना आम्हाला आमचे मनमाड आठवले. फेब्रुवारी १९३८ मध्ये बाबासाहेबांनी तिथे रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद घेतली. आपल्या माणसाला गँगमनच्या वर चढू देत नाहीत, हे त्यांनी तेव्हा ठणकावून सांगितले होते.

मग गाडीचा शोध. शहराबाहेर एका व्यापाऱ्याने पहिली गाडी दाखवली. नवा रंग, चकचकीत आरसे. आम्ही दोघे तर भाळलोच. वहिनींनी मात्र आरसी बुक मागितले आणि चेसिसवरचा नंबर कापडाने पुसून एकेक आकडा ताडून पाहिला. शेवटचे दोन आकडे जुळेनात. व्यापारी म्हणाला, "एवढं कोण बघतं?" वहिनी म्हणाल्या, "आम्ही बघतो." तिथून उठलो.

दुसरी गाडी बूटा मंडीतच एका वृद्ध गृहस्थांच्या शेडमध्ये निघाली. त्यांच्या दिवंगत भावाची, खासगी नोंदणीची, १९७१ सालची. त्यांनी 'जय भीम, भाजी!' म्हणून हात जोडले. आमच्या वहिनींना वाटले, जेवणाचे विचारताहेत. भाजी म्हणजे दादा, हे मग कळले. गाडीचा तळपत्रा गंजलेला, ब्रेक जाम, मागच्या फळ्या कुजलेल्या. पण हँडल मारले तसे इंजिन फिरले आणि नंबर आकडा न् आकडा जुळला. आम्ही कागदाचे विचारण्याआधी त्यांनीच वारसाहक्काचे कागद पुढे ठेवले. म्हणाले, "जय भीम अपनी जगह, कागज अपनी जगह." एक लाख चाळीस हजारांत सौदा ठरला. आबांच्या साठवणीतले पैसे, कर्ज एक रुपयाचे नाही.

वाचकांच्या उपयोगाचे थोडे सांगतो. परराज्यातली गाडी आणायची तर तिथल्या आरटीओचा ना-हरकत दाखला, म्हणजे फॉर्म २८, आधी हातात पाहिजे. २०२१ च्या केंद्राच्या नियमानुसार पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात ठेवलेली खासगी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे, नंबरात 'व्हीए' अक्षरे. मात्र अशी गाडी धंद्याला किंवा रोजच्या ये-जा करण्याला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशाच कामांसाठी ती रस्त्यावर काढता येते. म्हणून पोटापाण्यासाठी गाडी घेणाऱ्याने या वाटेला जाऊ नये.

जालंधर हे हत्यारांचेही गाव. येताना पान्यांचा नवा संच घेतला. दाखला मिळेपर्यंत थांबलो आणि गाडी परतीच्या ट्रकवर चढवून मनमाडला आणली.

आता ती घरामागे उभी आहे. तळपत्रा आम्ही कापून काढला आहे, ब्रेकचे काम चालू आहे. ज्या हातांना फक्त ओझे उचलू दिले, त्या हातांनी आबा नातवाला कार्ब्युरेटर उघडायला शिकवतात. नातू पाना चुकीचा देतो, आबा चिडतात, पुन्हा शिकवतात.

संध्याकाळी मात्र ते केबिनमध्ये चढतात. खाली पत्रा नाही, जमीन दिसते. तरी ते पुढच्या सीटवर ताठ बसून राहतात. परवा त्या काकूच चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "सरका थोडं, मलाही बसू द्या पुढं."