पाक वाजला का?

संक्रांतीआधीच्या रविवारी दुपारी मुलांना अभ्यास माफ असायचा, पण फुकट नाही. समोर परातभर भाजलेले शेंगदाणे यायचे. सत्तर-ऐंशीच्या दशकात दोन-अडीच खोल्यांत सात-आठ माणसांनी संसार केलेल्या बहुतेक घरांना ही परात आठवत असेल. दाणे मंद आचेवर भाजणं आईकडे. घाई केली की ते बाहेरून करपतात आणि आत कच्चे राहतात. तळव्यांनी चोळून सालं सोडवणं आमच्याकडे. पाखडणं आजीकडे. ती सूप घेऊन गॅलरीत उभी राहिली की सालं उडत उडत खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या कपड्यांवर जाऊन बसायची आणि खालून हाक यायची, "अहो आजी, जरा थांबा की, साडी काढून घेते!" आजी थांबत नसे.

अख्खे दाणे घालायचे, डाळी करायच्या की जाडसर कूट, यावर प्रत्येक घराचं ठाम मत होतं. कुटाची चिक्की पातळ लाटता येते आणि म्हाताऱ्यांनाही चावते; अख्खे दाणेवाले मात्र तिला चिक्की म्हणायलाच तयार नसत. (माझं मत डाळींना. पाक दोन्ही अंगांनी बसतो.) गुळाबद्दल मतभेद नव्हते. किराणा दुकानदार विचारायचा, "साधा की चिकीचा?" आणि साधा आणणाऱ्या मुलाला त्याच पावली परत पाठवलं जायचं. चिकीचा गूळ चिवट असतो, बोटाला चिकटून तार सुटते. कोल्हापूर-कराडकडे ज्यांची शेतीवाडी किंवा सोयरीक असे, त्यांच्याकडे गुऱ्हाळावरून अख्खी ढेप यायची. ती फोडायला एक बत्ता आणि एक काका लागायचा. साखर रेशनकार्डावर मोजून मिळायची, त्यामुळे साखरेची चिक्की ही चैन.

खरी परीक्षा पाकाची. गूळ वितळतो, फेसाळतो, रंग गडद होत जातो आणि कढईपाशी उभी असलेली आई बोलेनाशी होते. शेजारी वाटीत गार पाणी. त्यात थेंब टाकायचा. पसरला तर कच्चा. बोटांत मऊ गोळी वळली तर लाडवांपुरता झाला. चिक्कीला त्याच्याही पुढे जावं लागतं: ती गोळी ताटलीवर टाकली की टणकन वाजली पाहिजे, दाताखाली न चिकटता कटकन तुटली पाहिजे. आतल्या खोलीतून आजी विचारायची, "वाजला का गं?" "अजून नाही, आई." साखरेचा पाक या अवस्थेला १४६ ते १५४ अंश सेल्सिअसला येतो. तोवर त्यातलं जवळजवळ सगळं पाणी उडून गेलेलं असतं, म्हणून तो गार झाल्यावर काचेसारखा फुटतो. आमच्याकडे तापमापक फक्त तापात काखेत धरायला होता. गुळाची पंचाईत अशी, की तो साखरेपेक्षा लवकर करपतो. वाजणं आणि करपणं यांत फारसं अंतर नसतं. त्यात रॉकेलचा स्टोव्ह ऐनवेळी भडकायचा, नाहीतर पिन मागायचा.

पाक वाजला की घरात आग लागल्यासारखी धावपळ. चमचाभर तूप, दाणे, आणि चिमूटभर खाण्याचा सोडा. सोड्यानं पाक फसफसतो, त्यात बारीक बारीक पोकळ्या राहतात आणि चिक्की दाताला हलकी लागते. एकानं सांडशीनं कढई तिरकी धरायची, दुसऱ्यानं उलथन्यानं खरवडायचं, तिसऱ्यानं तूप लावलेला पोळपाट घट्ट दाबून धरायचा आणि आई लाटणं फिरवणार. एरवी पाण्याचा पेलासुद्धा स्वतः न घेणारे वडील त्या दोन मिनिटांत सांडशी धरून उभे असत. "तिरकी धरा हो, तिरकी!" असं आई त्यांच्यावर ओरडायची आणि ते निमूटपणे कढई तिरकी करायचे. आजीही मध्ये बोलत नसे. घरात कोणी कोणाचं ऐकायचं, याचा एरवीचा क्रम तेवढ्यापुरता उलटा व्हायचा. दिवाळीच्या फराळाला हे कधी साधलं नाही. चकलीचं पीठ थांबतं, पाक थांबत नाही.

गरम असतानाच सुरीनं रेघा मारायच्या. उशीर झाला की वड्यांऐवजी ठिकऱ्या. चौकोनी वड्या पाहुण्यांच्या, कडेचे वेडेवाकडे तुकडे मुलांचे, कढईला चिकटलेलं जो पहिला पोहोचेल त्याचं. आजीची वडी अडकित्त्यानं कातरली जायची. उरलेली डालडाच्या पिवळ्या डब्यात, झाकण घट्ट, कारण असा पाक हवेतलं पाणी ओढून घेतो. पावसाळ्यात चिक्कीच्या भानगडीत फारसं कोणी पडत नसे.

आता एक गोष्ट कबूल करायला माझ्या वयाचे लोक कचरतात: घरची चिक्की दरवर्षी चांगली व्हायचीच असं नाही. कधी दाढ मागायची, कधी दुसऱ्या दिवशी पोळीसारखी वाकायची. मुंबई-पुणे प्रवासात घाट चढवणारी जादा इंजिनं लोणावळ्याला सुटेपर्यंत खिडकीशी चिक्कीची खोकी यायची. ती एकसारखी, पातळ, खुसखुशीत चिक्की आम्हाला घरच्यापेक्षा जास्त आवडायची. आईलाही. तरी पुढच्या वर्षी परात निघायचीच. बिघडलेली चिक्कीही वाया जात नसे. मऊ पडली तर पुन्हा कढईत, दगड झाली तर खलबत्त्यात, आणि तो चुरा गूळपोळीच्या सारणात नाहीतर एकादशीला दह्याबरोबर.

आज सोललेले दाणे पाकिटात मिळतात, लाटायला बटरपेपर आहे, आणि चिक्की एकट्यालाही जमते. माझ्या ओळखीत ती करणारे बरेचसे पुरुषच आहेत, सांडशी धरणाऱ्यांचे मुलगे. पाक झाला की नाही हे ते व्हिडिओ कॉल करून आईला विचारतात. ऐंशीच्या घरातली आई पडद्याकडे बघतही नाही. "दाखवू नकोस, ताटलीवर टाक आणि फोन जवळ धर," म्हणते. तो फोन जवळ धरेपर्यंत गूळ करपतो. "राहू दे," ती म्हणते, "लोणावळ्याहून आण."