संत स्टीफनच्या नावानं

नाताळचा दुसरा दिवस, २६ डिसेंबर, संत स्टीफनचा. आयर्लंडच्या खेड्यांत त्या दिवशी पेंढ्याचे पोशाख चढवून, मुखवटे बांधून पोरं दारोदार हिंडत. पुढच्याच्या काठीला रेन नावाचा मारलेला इवला पक्षी. या पक्ष्यानं कलकलाट करून लपलेल्या संताचा ठावठिकाणा शत्रूंना दाखवला, अशी लोककथा आहे. (आता पक्षी मारत नाहीत, हे फार बरं झालं.) बासरी आणि बोरान नावाचा डफ वाजवत डिंगल गावात ही मिरवणूक आजही निघते.

मला ओढ वाटते ती उंबऱ्याउंबऱ्यावर जमणाऱ्या चिल्लरीची. त्यातून खाणंपिणं यायचं, एखाद्या घरातलं सामान भिंतीकडे सरकायचं आणि उत्तररात्रीपर्यंत नाच चालायचा. दिवसा पालखी नि रात्री तमाशा पाहिलेल्या मराठी माणसाला त्यात वावगं वाटणार नाही. देवाच्या निमित्तानं शेजारी एकमेकांचे हात धरतात, आणि मला तरी ती भक्तीच वाटते.

तिथल्या बिशपांना तसं वाटलं नाही. नव्या नाचांविरुद्ध त्यांनी १९२५ मध्ये निवेदन काढलं आणि ते चर्चमधून वर्षाला चार वेळा वाचायला लावलं. १९३५ मध्ये कायदाच झाला: न्यायालयाचा परवाना नसेल तर सार्वजनिक नाच नाही. घरगुती नाचांसाठी तो नव्हता. पण कित्येक ठिकाणी पाद्री आणि पोलीस घरांतही शिरले. खेड्यांतला नाच हळूहळू पाद्र्यांच्या नजरेखालच्या हॉलमध्ये गेला.

त्याआधीच लीट्रिम परगण्यातल्या एफ्रिना गावानं मोठी किंमत मोजली होती. जिमी ग्रॅल्टन तिथलाच, अमेरिकेत राहून आलेला, साम्यवादी. त्यानं शेजाऱ्यांसोबत १९२१ मध्ये 'पिअर्स-कॉनली हॉल' उभारला. तिथे वर्ग भरत, जमिनीच्या तंट्यांचे निवाडे होत आणि नाच होत. पुढे त्याच्याविरुद्ध चर्चमधून प्रवचनं झाली, हॉलवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि १९३२ च्या नाताळाच्या सुमारास तो जाळला गेला. ज्या दिवसांत घरोघरी वाद्यं बाहेर निघायची, त्याच दिवसांत! ऑगस्ट १९३३ मध्ये ग्रॅल्टनला परदेशी नागरिक ठरवून अमेरिकेला हद्दपार केलं गेलं. १९४५ मध्ये तो न्यूयॉर्कला वारला. गावी परतणं झालंच नाही.

२०१६ मध्ये राष्ट्राध्यक्ष मायकल डी. हिगिन्स यांनी त्या जागी स्मारकाचं अनावरण करून माफी मागितली. ते योग्यच झालं. पण मला तिथे पुन्हा हॉल हवा होता, स्टीफनच्या दिवशी पेंढ्यातली पोरं थेट आत शिरतील असा.