कॅसेटवरचा परभणीचा पाऊस

‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण मराठवाड्यात कुणाला ठाऊक नाही? कुठे जमले तर जमले, नाहीतर परभणी आहेच, असा तिचा सरळ अर्थ. माझा छंदच असा, की मुंबई-पुण्यात जे जमले नाही त्यासाठी मला खरोखरच परभणी गाठावी लागली. कुणी तिकिटे जमवतो, कुणी नाणी. मी जुन्या घरगुती कॉम्प्युटरवरचे खेळ जमवतो.

हे खेळ कॅसेटवर मिळत, हे तरुण वाचकांना खरे वाटणार नाही. १९८२ साली इंग्लंडात सिंक्लेअर कंपनीने ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ हा छोटा कॉम्प्युटर काढला. तो घरच्या टीव्हीला जोडायचा आणि खेळ साध्या टेपरेकॉर्डरवरून आत घ्यायचा. कान किटवणारी किरकिर चार-पाच मिनिटे सोसली की खेळ पडद्यावर उभा राही. पुढे डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने परवाना घेऊन त्याचा ‘स्पेक्ट्रम प्लस’ हा अवतार भारतात विकला. त्याची स्मरणशक्ती अवघी ४८ किलोबाइट!

असा एक स्पेक्ट्रम परभणीत एका निवृत्त प्राध्यापकांच्या माळ्यावर असल्याचे त्यांच्या पुण्यातल्या लेकीकडून कळले. घर आवरून दोघे नवराबायको दिवाळीआधी तिच्याकडे राहायला जाणार होते आणि भंगारवाल्याला सांगावा गेला होता. त्याच रात्री मी देवगिरी एक्सप्रेस पकडली. सकाळी जालना मागे पडले आणि खिडकीबाहेर काळीभोर जमीन व फुटलेला कापूस दिसू लागला.

स्टेशनावरून रिक्षा केली. १९७२ साली इथे कृषी विद्यापीठ झाले; बाजारात आपण जी ‘परभणी क्रांती’ भेंडी ऐकतो, ती याच विद्यापीठाची देणगी. सरांची सारी नोकरी तिथेच झाली.

“या, बसा,” काकू म्हणाल्या, “भंगारवाला चारला येतो म्हणालाय. काय पाहायचं ते तेवढ्यात पाहून घ्या.”

चहा होताच सरांनी मुद्द्याला हात घातला. “अमेरिकेत एक खेळ म्हणे कोटींना गेला. मग आमच्या या खोक्याचं काय येईल, खरं सांगा.”

बातमी खोटी नव्हती. जुलै २०२१ मध्ये ‘सुपर मारिओ ६४’ या खेळाची एक प्रत लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरला गेली. पण तिचे वेष्टनसुद्धा कुणी फोडलेले नव्हते. म्हणजे ती प्रत कधी कुणी खेळलेच नव्हते! या बाजाराची रीतच अशी. खोके, माहितीपुस्तक, छापील लेबल सगळे शाबूत असेल तर भाव. पोरांनी मनसोक्त खेळले असेल तर भाव घसरला. सरांच्या कॅसेटी तर बहुतेक कोऱ्या टेपवर उतरवलेल्या नकला. मराठवाड्याच्या उन्हाळ्याने कीबोर्डाखालची प्लॅस्टिकची पट्टीही तडकली होती. मी यंत्राची योग्य ती किंमत सांगितली. काकूंचा चेहरा उतरला, पण खोटी आशा दाखवणे मला जमले नसते.

खोक्याच्या तळाशी आणखी एक कॅसेट होती. तिच्यावर शाईने एकच शब्द लिहिलेला: ‘पेरणी’.

“ते काही नाही हो,” सर संकोचून म्हणाले, “मुलांसाठी मीच केलं होतं.”

जुनी टेप हाती आली की आधी तिचा आवाज उतरवून घ्यावा, हा आमचा नियम. दुसऱ्या खेपेला ती तुटणार नाही याचा भरवसा नसतो. मी टेपरेकॉर्डर लॅपटॉपला जोडला. आवाज उतरला, पण स्पेक्ट्रमची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामने ‘टेप लोडिंग एरर’ म्हणून हात वर केले. दोनदा झाले, तीनदा झाले. घड्याळात साडेतीन वाजले. शेवटी टेपच्या हेडजवळचा बारीक स्क्रू केसभर फिरवला, किरकिर स्वच्छ झाली आणि पडद्यावर चौसष्ट टिपक्यांत काढलेले ज्वारीचे कणीस उगवले!

खाली इंग्रजी अक्षरांत, पण अस्सल मराठीत प्रश्न आला: पाऊस आला. पेरायचे का?

“थांबायचं,” सर पुढे सरसावले. “७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय पेरायचं नाही. पोरं पहिल्या सरीलाच पेरायची आणि दुबार पेरणीत बुडायची. वर्गात दहा वेळा सांगून जे समजत नव्हतं, ते इथं समजायचं.”

“आणि हे थांबून थांबून बुडायचे,” काकू हसून म्हणाल्या, “कामून खेळायलात आता?” तरी सर खेळले, आणि पाऊस न आल्याने खरोखरच बुडाले!

चार वाजता भंगारवाला आला आणि कपाट, पंखा, रद्दी घेऊन गेला. यंत्राचे ठरलेले पैसे मी दिले. ‘पेरणी’ची किंमत मात्र मला करता आली नाही. बाजारात भाव ठरतो तो दुसरी प्रत कितीला गेली त्यावरून, आणि हिला दुसरी प्रतच नव्हती. आता दोन आहेत: एक माझ्याकडे, एक त्यांच्या लेकीच्या घरी. मूळ कॅसेट सरांनी स्वतःच्या पिशवीत ठेवली.

वाचकहो, दिवाळीची साफसफाई तुमच्याही घरी झाली असेल किंवा व्हायची असेल. माळ्यावर हाताने नाव लिहिलेली एखादी कॅसेट सापडली, तर ती वजनावर घालण्यापूर्वी एकदा ऐकून पाहा. नुसती किरकिर ऐकू आली, तर ती मुळीच टाकू नका!