अडीच तिकिटांत पाच माणसे

दिवाळीचा फराळ अजून डब्यात आहे आणि हा गृहस्थ मे महिन्याच्या सुट्टीच्या गोष्टी कसल्या काढून बसला, असे काही वाचक म्हणतील. म्हणोत बापडे! मोजक्या पैशांत सारे कुटुंब घेऊन ज्यांना उन्हाळ्यात बाहेर पडावयाचे आहे, त्यांनी हा विषय दिवाळीतच काढलेला बरा. एप्रिलमध्ये निघालेला विषय बहुधा ''पुढच्या वर्षी पाहू'' या वाक्यावर संपतो.

पूर्वी हा विषय निघतच नसे. परीक्षा संपली की मुलांची वळकटी मामाच्या गावी रवाना होई आणि जून उजाडला की मुले काळी ठिक्कर होऊन परत येत. आता मामाच ठाण्याला किंवा पिंपरीला दोन खोल्यांत राहतो. आमच्या आईचे माहेर दापोली तालुक्यातले. ते घर विकूनही आता वीस वर्षे झाली. आई ७६ वर्षांची. गेल्या वर्षी ती सहज म्हणाल्यासारखे म्हणाली, ''एकदा समुद्र बघून येऊ या रे. घर नको बघायला.'' एवढ्यावर आमचे ठिकाण ठरले. राहिला प्रश्न पैशांचा.

थंड हवेच्या ठिकाणांचा विचार आम्ही केलाच नाही. मे महिन्यात तेथे हवा थंड आणि भाव गरम. शिवाय आई म्हणाली ते समुद्राचे. मेमध्ये कोकणात उकडते, हे मी लपवून ठेवीत नाही. दुपारी अंगाला घामाच्या धारा लागतात. पण दापोली गाव समुद्रापासून आत, उंच पठारावर वसले आहे. इंग्रजांनी येथे छावणी टाकली ती काही उगाच नव्हे. म्हातारी माणसे अजूनही 'कॅम्प दापोली' म्हणतात. आणि किनाऱ्यावरच्या वाडीत नारळी-पोफळीच्या सावलीला दुपार काढता येते.

आता हिशेब. आगगाडीने ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद केली, ती अद्याप मिळत नाही. आरक्षित डब्यात मुलासाठी स्वतंत्र जागा हवी असेल तर २०१६ पासून पूर्ण भाडे पडते. याउलट आपली एस. टी. पाहा. ७५ वर्षांवरील माणसाला २०२२ च्या ऑगस्टपासून भाडे नाही. स्त्रियांना १७ मार्च २०२३ पासून निम्मे. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना पूर्वीपासून अर्धे तिकीट. तेव्हा माझे एक, सौ.चे अर्धे, दोन मुलांची अर्धी-अर्धी आणि आईचे काहीच नाही. पाच माणसे अडीच तिकिटांत! आरक्षणाचे किरकोळ शुल्क वेगळे. आईचे आधार कार्ड मात्र तिच्या पिशवीत वरच्या वर ठेवावे. कंडक्टर मागतो आणि गाडी हलत असताना ते नेमके तळाशी गेलेले असते.

मुंबईकरांना कोकण रेल्वे सोयीची. खेडला उतरावे, तेथून दापोली एस. टी.ने तासाभराच्या वाटेवर. आगाऊ आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होते. म्हणजे मेच्या मध्याची गाडी हवी असेल तर मार्चच्या मध्यावर सावध असावे. दिव्याहून सुटणारी पॅसेंजर स्वस्त खरी. पण आई बरोबर असेल तर त्या गर्दीत मी तरी शिरणार नाही.

एक सूचना न विसरता करतो. मुरूड दोन आहेत. जंजिऱ्याचे मुरूड रायगड जिल्ह्यात, आणि आपले मुरूड हर्णैशेजारी, दापोली तालुक्यात. खोली ठरविताना तालुका विचारून घ्यावा.

मुक्कामासाठी हॉटेलच्या नादी न लागता घरगुती खोल्या पाहाव्यात. मुरूड, कर्दे, आंजर्ले, केळशी या गावांत अनेक वाडीवाले पाहुणे ठेवतात. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने या भागातल्या बागा झोपविल्या. पोफळ पुन्हा लावल्यावर तिला सुपारी धरायला काही वर्षे जातात. तोपर्यंत घर चालवायचे कशावर? अनेकांना या दोन खोल्यांचाच आधार झाला. तेव्हा भाड्यात घासाघीस करताना हात थोडा सैल सोडावा. खरी काटकसर वार निवडण्यात आहे. शनिवार-रविवार टाळून सोमवारी जावे आणि शुक्रवारी सकाळी निघावे. भाव कमी असतो, आणि घरधनीण बोलायलाही मोकळी असते.

आमच्या काकूंनी पहिल्याच संध्याकाळी सांगितले, ''सगळं तुमचंच आहे हो, पाणी तेवढं जपून वापरा.'' मेअखेरीस विहिरी तळाला जातात. सौ.ने मुलांना एकेक बादली नेमून दिली आणि तो प्रश्न मिटला.

जेवण घरचेच घ्यावे: आमटी-भात, फणसाची भाजी, सोलकढी. आंबा बाजारात न घेता वाडीवाल्याकडूनच घ्यावा. करवंदे तर मुले रस्त्याकडेलाच वेचतात. मासे खाणाऱ्यांनी हर्णैच्या बंदरावर जावे. दुपार कलली की होड्यांतून टोपल्या उतरतात आणि वाळूवरच लिलाव पुकारला जातो. पाहायला पैसे पडत नाहीत आणि मुले तासभर हलत नाहीत. १ जूनपासून दोन महिने यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. म्हणून हा बेत मेमध्येच उरकावा.

समोर समुद्रात सुवर्णदुर्ग. जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा म्हणून मराठ्यांचे जे बारा किल्ले निवडले गेले त्यांत हा एक आहे, तेव्हा यापुढे येथे गर्दी वाढणार. होडीला माणसे जमली तर भाडे वाटून जाते. न जमल्यास किनाऱ्यावरचा गोवा किल्ला पायी पाहता येतो आणि त्याच्या तटावरून सुवर्णदुर्ग छान दिसतो. आईला आम्ही खाली सावलीत बसविले. तिने सांगितले की लहानपणी ती येथवर बैलगाडीने आली होती.

मुरूड हे महर्षी कर्व्यांचे गाव. परीक्षेसाठी ते येथून साताऱ्यापर्यंत शंभराहून अधिक मैल पायी गेले आणि तेथे वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परत पाठविण्यात आले. ही हकीगत मुलांना समुद्रावर सांगितली. धाकटीने विचारले, ''मग येताना एस. टी.नं आले का?''

आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला गेलो त्या दिवशी वाटेत आईच्या गावाचा फाटा लागला. तिने खिडकीची काच सरकवून पाहिले. कंडक्टरने विचारले, ''आजी, इथं उतरणार?'' ती म्हणाली, ''नाही, पुढे.'' गाडी सुटल्यावर बराच वेळ ती फणसाविषयी बोलत होती. कापा कोणता, बरका कोणता, आणि वडिलांनी कोणते झाड कोठे लावले होते.

दोन दिवस अधिक असतील तर दाभोळला जावे. बहमनी काळचे हे मोठे बंदर. निकितिन नावाचा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात येथूनच जहाजात बसून मायदेशी निघाला. आज खाडीकाठी आदिलशाही काळची मशीद आणि शांत गाव. तेथून फेरीबोटीने वाशिष्ठीची खाडी ओलांडली की पलीकडे धोपावे, आणि पुढे एस. टी.ने गुहागर. माणसी तिकीट किरकोळ, पण मुलांना विचाराल तर सगळ्या सहलीत ही बोटच मोठी. गुहागरचा किनारा लांबलचक आहे. व्याडेश्वराच्या देवळापासून तो चालत गाठता येतो. परतीची गाडी चिपळूणहून सकाळची धरावी. दुपारच्या गाडीत ऊन डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंनी येते, आणि आंब्याची पेटी मांडीवरच घ्यावी लागते.