तीन फ्यूज आणि अभ्रकाची एक चकती

दुसऱ्याच्या डोळ्यांतील कुसळ शोधतां शोधतां आपल्या डोळ्यांतील मुसळ कसें राहून जातें, याचा धडा मला अमरावतीस आपल्याच प्रयोगशाळेंत मिळाला. तो सांगतों.

विज्ञान-प्रदर्शनासाठीं आम्हीं लहानसा ध्वनिवर्धक करीत होतों. ध्वनीची लाट शून्याच्या वर जाते तशी खालींही जाते. म्हणून त्यास धन १२ व ऋण १२ असे दोन्ही व्होल्ट हवे होते. अकोल्याहून १२-०-१२ चा ट्रान्स्फॉर्मर, चार डायोड, दोन मोठे कपॅसिटर आणि ७८१२ व ७९१२ हे दोन रेग्युलेटर आणले. जुळणी दहावींतील एका मुलानें केली.

बटण दाबतांच फ्यूज उडाला. दुसरा घातला, तोही गेला. तिसऱ्यानंतर माझा धीर सुटला. "तुझाच डाख कोठें तरी ओघळला असेल," असें मी चार मुलांदेखत बोललों. तो खालीं मान घालून निघून गेला.

सायंकाळीं मी एकटाच बसलों. डाख निर्दोष होता. वीज बंद करून, कपॅसिटर रिते करून, दोन्ही रेग्युलेटर काढले. आतां फ्यूज टिकला. दोन्ही बाजूंस सोळा व्होल्टांहून अधिक दाब मिळाला. म्हणजे दोष पुढेंच होता. पत्र्यावरील ७८१२ एकटा जोडला. धन १२ मिळाले. ७९१२ पत्र्यापासून दूर ठेवून जोडला. ऋण १२ मिळाले! पत्र्यावर बसवितांच मात्र फ्यूज गेला. उलगडा झाला. ७८१२ ची धातूची पाठ आंतून शून्य तारेशीं जोडलेली असते, ७९१२ ची ऋण पुरवठ्याशीं. एकाच पत्र्यावर दोघे बसले कीं त्या तारा एकमेकींस भिडतात. मध्यें अभ्रकाची चकती हवी, व स्क्रूभोंवतीं प्लास्टिकचें बुश.

तेव्हां आठवलें : त्या मुलानें आरंभींच विचारिलें होतें, "सर, दोन्ही एकाच पत्र्यावर बसवायचे का?" मीं वर न पाहतां "हो" म्हटलें होतें.

ज्या मायकेल फॅरडेनें १८३१ सालीं लोखंडी कड्यावर दोन वेटोळीं गुंडाळून ट्रान्स्फॉर्मरचें मूळ तत्त्व दाखविलें, तो प्रथम पुस्तकें बांधणाऱ्याकडे उमेदवार होता. सर हम्फ्री डेव्हीनें १८१३ मध्यें त्यास जवळ केलें. मीं माझ्या उमेदवाराकडे पाहिलेंही नव्हतें.

दुसरे दिवशीं त्याच चार मुलांदेखत मीं त्याची क्षमा मागितली. तो कांहींच बोलला नाहीं. चकती मात्र त्यानें स्वतःच्या हातानें बसविली. फ्यूज टिकला, आणि ध्वनिवर्धकांतून पहिला आवाज त्याचाच ऐकूं आला.